पिठाच्या गोळ्यातलं नाणं

चीनमधलं एक साधं घर. नवीन वर्षाचा सण आहे. वाडग्यांत तांदळाच्या चिकट पिठीचे गरमागरम गोळे वाढलेत. बाबांनी त्यातल्या एका गोळ्यात एक नाणं घालून ठेवलंय. ज्याच्या तोंडात ते नाणं येईल, त्याचं नशीब वर्षभर जोरावर! बाबा छोट्या माओमाओला एक गोळा भरवतात आणि तिच्या दाताखाली काहीतरी कडक येतं. नाणं!

ही माओमाओ एका चित्रपुस्तकातली मुलगी आहे. तिचे बाबा दूर कुठेतरी इमारती बांधायच्या कामावर असतात आणि वर्षातून एकदाच, नवीन वर्षाला, घरी येतात. येतात तेव्हा माओमाओला ते आधी परकेच वाटतात. जवळ जायलाही ती घाबरते. मग बाबा तिला घेऊन केस कापायला जातात. कात्री चालत जाते तसतसा आरशातला तो माणूस तिच्या आठवणीतल्या बाबांसारखा दिसायला लागतो. पुढचे काही दिवस मजेचे जातात. बाबा घराची डागडुजी करतात, तिघं मिळून फिरायला जातात. ते नशीबवान नाणं माओमाओच्या खिशात असतं आणि ती ते सगळ्यांना दाखवत फिरते. मग बर्फ पडतो. अंगणात मित्रमैत्रिणींबरोबर बर्फात खेळून ती घरी येते, खिशात हात घालते, आणि खिसा रिकामा!

नाणं सापडलं का? सांगते, पण आत्ता नाही. त्याआधी या पुस्तकाला काय मिळालं ते ऐका.

यू लीच्योंग या लेखिकेनं ही गोष्ट लिहिली आणि चू छंगल्यांग या चित्रकारानं ती रंगवली. २००९ साली हाँगकाँगमध्ये चिनी भाषेतल्या चित्रपुस्तकांसाठी एक नवा पुरस्कार सुरू झाला. त्याचा अगदी पहिला, सर्वोच्च मान या पुस्तकाला मिळाला. पुरस्काराचं नाव फंग झिकाय बालचित्रपुस्तक पुरस्कार. दर दोन वर्षांनी तो दिला जातो. मूळ चिनी भाषेतच तयार झालेली पुस्तकं त्यात उतरतात, मग ती चीनमधली असोत, तैवानमधली असोत की हाँगकाँगमधली.

ज्यांच्या नावानं हा पुरस्कार आहे, त्या फंग झिकाय यांची ओळख करून घ्यायलाच हवी, कारण माणूसच तसा होता. जन्म १८९८ चा. हातात कुंचला, समोर कागद आणि घरभर पोरं! बाकीचे चित्रकार डोंगर, ढग, ऋषिमुनी रंगवत होते, तेव्हा फंग आपल्या घरातल्या मुलांचे उद्योग चितारत बसायचे. त्यांची लेक आबाओ हिनं एकदा आपल्या पायातले जोडे काढले, घरातल्या छोटीचे नवे जोडे घेतले आणि चारही जोडे लाकडी स्टुलाच्या चार पायांत घातले. आपल्याला दोन पाय, स्टुलाला चार, मग त्याला नकोत का जोडे? आणि स्वतः नुसत्या मोज्यांवर उभी! आई ओरडली, मोजे मळतील म्हणून. वडिलांनी मात्र त्याचं चित्र काढलं. त्यांच्या चानचान नावाच्या मुलानं ताडाच्या पानांचे दोन पंखे घेतले आणि त्यांची चाकं करून सायकल चालवली. तेही चित्र झालं. काळ्या शाईच्या पाच-दहा फटकाऱ्यांत हे सगळं यायचं. पुष्कळदा तर चेहऱ्यावर डोळेच नसायचे, तरी बघणाऱ्याला पोर हसतंय की रुसलंय ते बरोबर कळायचं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. होंग यी हे त्यांचे गुरू. गुरू पन्नाशीचे झाले तेव्हा फंग यांनी प्राण्यांवर दया करायला शिकवणारी ५० चित्रं काढली. साठीला ६० काढली. पुढं सत्तरीला ७०, ऐंशीला ८०, असं करत शंभरीला १०० चित्रं काढीन, असा शब्द त्यांनी गुरूंना दिला होता. गुरू १९४२ साली वारले, पण शब्द तर दिलेला होता! फंग चित्रं काढतच राहिले. शेवटी शेवटी चीनमध्ये लेखक-चित्रकारांचे फार हाल होत होते, तेव्हा ते पहाटे उठून गुपचूप काम करायचे. १९७३ मध्ये शेवटची १०० चित्रं पूर्ण झाली. दोनच वर्षांनी ते गेले. आता बेरीज करा : ५० + ६० + ७० + ८० + ९० + १००. साडेचारशे चित्रं, सगळी एका गुरूंखातर.

अशा माणसाच्या नावाचा पुरस्कार चित्रपुस्तकांना मिळतो, हे मला अगदी योग्य वाटतं.

आता चित्रपुस्तक म्हणजे काय? ज्यात चित्रं आहेत ते प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक नसतं. तुमच्या पाठ्यपुस्तकात चित्रं असतात, पण ती झाकली तरी धडा समजतो. खऱ्या चित्रपुस्तकात चित्रं झाकली तर निम्मी गोष्टच गायब होते. काही गोष्टी फक्त शब्द सांगतात, काही फक्त चित्र सांगतं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर तुमच्या डोक्यात तिसरीच गंमत तयार होते. चिनी मुलांना तर चित्राचा आधार फारच लागतो. आपल्याकडं मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं आली की वाटेल तो शब्द वाचता येतो. चिनी मुलांना प्राथमिक शाळा संपेपर्यंत तीन हजारांच्या आसपास चिन्हं ओळखायला शिकावी लागतात! पहिलीतल्या पोराला त्यातली थोडीच येतात. तोवर पुस्तक वाचायचं कसं? चित्र वाचायचं.

चित्र 'वाचायचं' हे मी उगीच म्हणत नाही. शास्त्रज्ञांनी डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे लावून बघितलंय. आपली नजर चित्रावरून संथ फिरत नाही, ती उड्या मारते. सेकंदाला तीन-चार वेळा. इथं टेकली, तिथं टेकली, परत मागं आली. आई पुस्तक वाचून दाखवत असते तेव्हा तिची नजर ओळींवरून जात असते, पण शेजारी बसलेलं, अजून अक्षरओळख नसलेलं पोर त्या ओळींकडं जवळपास बघतच नाही. त्याची नजर चित्रावरच उड्या मारत असते. म्हणूनच कोपऱ्यात लपलेला उंदीर आधी बारक्या भावालाच दिसतो आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसाला तो बोट लावून दाखवावा लागतो. घरी करून बघा, अगदी हमखास घडतं.

या पुरस्काराच्या पुढच्या वर्षांतली पुस्तकंही बघण्यासारखी आहेत. २०१३ चा पहिला मान मिळालेलं ल्यू बोल यांचं पुस्तक पक्षी बघण्यावर आहे. २०१५ साली लिन श्याओबेइ यांच्या पुस्तकाला तो मिळाला. त्यात आज्जीचं शिवणयंत्र आहे आणि पुस्तकाचं नावच त्या यंत्राचा आवाज आहे. राजे नाहीत, राक्षस नाहीत, जादूची कांडी नाही. एक पक्षी, एक शिलाई मशीन, एक नाणं. एवढ्यावर बक्षीस!

तर ते नाणं. माओमाओ रडकुंडीला येते. बाबा तिला दुसरं नाणं देऊ करतात, पण तिला तेच हवं असतं. अंगणातल्या बर्फात शोध शोध शोधतात, नाही ते नाहीच. रात्री झोपायच्या वेळी ती अंगातला जाड कोट काढते, आणि ठणकन नाणं खाली पडतं! ते कोटातच होतं. दुसऱ्या दिवशी बाबांची निघायची वेळ होते. पुढच्या वेळी तुला बाहुली आणीन, असं ते म्हणतात. माओमाओ ते नाणं बाबांच्याच हातात ठेवते आणि सांगते, पुढच्या वर्षी आलात की हे परत गोळ्यात घालू. पुस्तक संपतं.

आता तुमच्यातले जे वाशी, कळंब, भूम, परंड्याकडचे आहेत, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ज्यांची गावं आहेत, त्यांना मी काय म्हणणार ते एव्हाना कळलं असेल. आपल्या धाराशिव जिल्ह्यात माओमाओ खूप आहेत. दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भांडीकुंडी, अंथरुणं, पत्रे, कोयते ट्रॉलीत चढतात आणि ऊसतोडीची टोळी निघते, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला तिकडं 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायची ती कोयत्यांवर! काही मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, आणि त्यांची शाळा बुडते. काही मुलं गावातच आज्जी-आज्ज्याजवळ राहतात. शाळा बुडू नये म्हणून अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. मग चार-पाच महिने आई फक्त फोनवर भेटते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ट्रॅक्टर परत येतात. ते दिवस असतात साधारण पाडव्याच्या आगेमागे.

बघा, माओमाओचे बाबा येतात चिनी नवीन वर्षाला, आणि फडावर गेलेले आई-बाबा येतात आपल्या नवीन वर्षाच्या सुमाराला. फरक एकच : माओमाओची आई तरी घरी असते. आपल्याकडं बहुतेक वेळा आई-बाबा दोघंही जातात.

चीनमध्येही असं आई-बाप शहरात कामाला गेलेली आणि गावाकडं आज्जी-आजोबांजवळ राहिलेली मुलं कोट्यवधींनी आहेत. परीक्षकांपुढं असतील नसतील ती सगळी रंगीबेरंगी पुस्तकं असताना त्यांनी पहिलं बक्षीस या मुलांच्या गोष्टीला दिलं, ही मला त्या पुरस्काराची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. गोष्टीत कुणी भाषण करत नाही. चारच दिवसांत बाबा परके असतात, आपले होतात आणि निघून जातात. वाशी तालुक्यातल्या चौथीच्या मुलीला हे पुस्तक दाखवलं, तर चिनी चिन्ह एकही न वाचता तिला ते कळेल, याची मला खात्री आहे.

आपल्या मराठीत मुलांच्या पुस्तकांना असा मान मिळतो का? मिळतो की! साहित्य अकादमी २०१० पासून बाल साहित्य पुरस्कार देते. एकट्या मराठीला नाही, भारतातल्या २४ भाषांना. ५०,००० रुपये आणि एक ताम्रपट. मराठीतला पहिला मिळाला अनिल अवचट यांना. २०१७ साली ल. म. कडू यांच्या 'खारीचा वाटा'ला मिळाला आणि २०१९ ला सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला. २०२४ साली तो भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकाला मिळाला. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष हेच सासणे. त्याआधी दोनच वर्षं, जानेवारी २०२० मध्ये, संमेलन आपल्या धाराशिवलाच भरलं होतं. तुमच्या घरातली मोठी माणसं तिथल्या पुस्तकांच्या दालनांत फिरून आली असतील, विचारा त्यांना.

चित्रपुस्तकांचं म्हणाल तर माधुरी पुरंदरे यांचं नाव आधी घ्यायला हवं. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांना अकादमीचा हा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर'मधली माणसं इतकी आपल्या घरातल्यासारखी आहेत, की हातात पुस्तक आलं की सोडवत नाही.

एक गोष्ट मात्र मनात आहे ती बोलून टाकते. अकादमीचा पुरस्कार लेखकाला मिळतो. फंग झिकाय पुरस्कारात लेखक आणि चित्रकार दोघांचाही मान होतो. तुमची नजर आधी चित्रावर उडी मारते, मग चित्र काढणाऱ्याला ताम्रपट का नको? मराठीत चित्रपुस्तकांसाठी असा एक स्वतंत्र, मोठा पुरस्कार हवाच, आणि त्याची पहिली चर्चा मराठवाड्यात व्हावी असं मला वाटतं. ऊसतोडीच्या फडावरचं, पहाटेच्या धुक्यातलं, ट्रॉलीत झोपलेल्या बाळाचं चित्रपुस्तक इथलाच कुणीतरी काढू शकेल. मुंबई-पुण्याच्या चित्रकाराला ती कोपी आतून दिसायची नाही.

कुणीतरी म्हणजे कोण, ते नंतर बघू. आधी चित्र छापतात कसं ते बघायला एक भिंग शोधा. घरी नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. कुठल्याही छापील रंगीत चित्रावर ते धरा, हिरव्या पानावर धरलं तर उत्तम. काय दिसतं? हिरवी शाई नाहीच! निळसर ठिपके आणि पिवळे ठिपके, एकमेकांच्या शेजारी, एकमेकांवर. छापखान्यात बहुतेक वेळा चारच शाया असतात : आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी. सगळी फुलं, सगळी आभाळं, सगळ्यांचे गाल, या चार शायांच्या ठिपक्यांचे. चांगल्या छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या साधारण दीडशे ओळी बसतात. इतके बारीक ठिपके डोळ्याला सुटे करता येत नाहीत, म्हणून ते मिसळून दिसतात. वर्तमानपत्रातले ठिपके जाड असतात, ते भिंगाखाली लगेच दिसतील. तिथूनच सुरुवात करा.

छपाईचा विषय निघालाय तर हेही ऐका. तारीख छापलेलं, आज आपल्या हाती असलेलं जगातलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक चिनीच आहे. ते छापलं इ. स. ८६८ मध्ये. लाकडी ठोकळ्यावर सगळं पान उलटं कोरायचं, शाई लावायची आणि कागद दाबायचा, अशी रीत होती. पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक सुंदर चित्र आहे, आणि त्या चित्रात कोण आहे? आपल्या देशातले गौतम बुद्ध, शिष्याशी बोलताना! मूळ ग्रंथ संस्कृतातला होता, तो चिनी भाषेत गेला. आपल्या तेरला त्रिविक्रमाचं जे विटांचं जुनं मंदिर आहे, तेही मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं अभ्यासक सांगतात. पुढच्या वेळी तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात, तर ती पाठीमागं गोल वळलेली विटांची इमारत नक्की बघून या.

आता हात चालवा. वर्तमानपत्राचं एक मोठं पान घ्या. मधोमध घडी घाला. पान फिरवून आडवी दुसरी घडी. परत फिरवून तिसरी. छोटंसं पुस्तक तयार होईल. शेवटची घडी डाव्या हाताला धरा आणि कोपरे हळूच उचलत १ ते १६ आकडे टाका. काहीही फाडू नका. आता सगळं पान उलगडा. आकडे विखुरलेले दिसतील आणि निम्मे तर डोक्यावर उभे! छापखान्यात याला फर्मा म्हणतात. पानं अशीच विखुरलेली छापतात आणि घडी घातल्यावर ती आपोआप क्रमानं लागतात.

गंमत पुढं आहे. उलगडलेल्या कागदावर प्रत्येक ओळीत चार आकडे आहेत. डावीकडून दोन-दोनच्या जोड्या करा आणि बेरीज करा. ४ आणि १३, १६ आणि १. पाठीमागच्या बाजूला २ आणि १५, १४ आणि ३. सगळीकडं १७! कारण पहिल्या पानाचा कागद शेवटच्या पानाशी जोडलेला असतो, दुसऱ्याचा शेवटून दुसऱ्याशी. एक पुढं गेलं की दुसरं एकानं मागं येतं, मग बेरीज बदलेल कशी? मधोमध पिना मारलेलं एखादं जुनं मासिक मिळालं तर त्याची पानसंख्या बघा, आणि एक सुटा कागद काढून समोरासमोरच्या दोन पानांची बेरीज करा. पानसंख्येपेक्षा एक जास्त येते की नाही, ते ताडून पाहा.

आणि मघाचा तो 'कुणीतरी' कोण? तुम्हीच! अशाच एका कोऱ्या कागदाच्या फर्म्यात तुमचं स्वतःचं चित्रपुस्तक बसतं. पहिल्या पानावर नाव, सोळावं पान मागचं कव्हर, मध्ये चौदा पानं गोष्टीची. आधी घडीवर सुईदोऱ्यानं चार टाके घाला आणि मगच वरच्या आणि उजव्या बाजूच्या घड्या कापा. आधी कापलीत तर पानं सुटी होतील. आणि गोष्टीत काही हरवणार असेल, तर ते सातव्या पानावर हरवा आणि आठव्यावर सापडू द्या. आठव्यावर हरवून नवव्यावर सापडलं तर काही मजा नाही, कारण ती दोन्ही पानं एकदमच डोळ्यांसमोर उघडतात. सातवं मात्र वाचणाऱ्याला उलटावं लागतं.